आधी गॅस, मग 'येते'

सुमन,

इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुझ्यावर चार ओळी द्या म्हणून सेक्रेटरी घरी येऊन गेले. जन्म कधीचा, शिक्षण किती, नोकरी कुठं, पश्चात पती, मुलगी, जावई. मी म्हटलं, हे सगळं तिला माहीत आहे, तिला परत कशाला सांगू? ते म्हणाले, "काका, वाचणाऱ्यांना माहीत नाही ना." म्हटलं, मग वाचणाऱ्यांनी बाजूला बसून ऐकावं, मी तिच्याशीच बोलणार. बिचारे चहा न पिता गेले. चहा मी केलाच नव्हता म्हणा.

माझं लिहिणं तुला माहीत आहे. सातवी पास माणूस. आयुष्यभर भटारखान्यातल्या फळ्यावर 'आज पुरणपोळी' एवढंच लिहिलं, त्यातही 'पूरण' लिहायचो नि तू येऊन पुसायचीस. आता पुसायला कोण नाही, तेव्हा चुका तशाच जातील.

लोक भेटायला येतात नि म्हणतात, वहिनी गेल्या. मी मान हलवतो. पण हा शब्द आपल्या घरात चालायचा नाही. मीनल लहान असताना दिल्लीच्या पोरांत राहून मराठी अर्धं सांडून यायची. शाळेला निघाली की म्हणायची, 'मी जाते', कारण बाहेर सगळे 'जा रही हूँ' म्हणतात. तू तिला जिन्यातनं परत वर बोलवायचीस. बस चुकली तर चुकू दे, पण 'येते' म्हणून जा. ती रडकुंडीला यायची. "आई, मैं तो जा रही हूँ ना, आ कहाँ रही हूँ?" तू तिची वेणी सारखी करत म्हणायचीस, "आत्ता नाहीच येत आहेस. पण यायचं आहे ना?"

मी तेव्हा कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात आचारी. महाराष्ट्रातनं येणाऱ्या साहेबलोकांना पिठलं-भाकरी घालायचो. तू सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून लागलीस, तिथनं कॉम्प्युटरच्या थंडगार खोलीत शिरलीस, नि एक दिवस येऊन म्हणालीस, गुडगावला नवी कंपनी निघालीय, मी सरकारी नोकरी सोडते. मी सदनाच्या गेटवर उभा राहून मोठ्यानं बोललो, पेन्शन सोडून गुडगावच्या मोहरीच्या शेतात चाललीय, बाईला वेड लागलं. तू शांतपणे ऐकून घेतलंस नि म्हणालीस, "बोलून झालं? आता माझा डबा द्या."

द्वारकेत आपण फ्लॅट घेतला तेव्हा सोसायटीत पाणी टँकरनं यायचं, आणि विमानं इतकी खालनं जायची की त्यांची चाकं दिसायची. तू चार्टर्ड बसनं कापसहेडा बॉर्डरवरनं गुडगावला जायचीस. एकदा येऊन सांगितलंस, "अहो, आज काचेच्या इमारतीत म्हैस बघितली." आत नव्हती ती. रस्त्यावर उभी होती, काचेत दिसत होती. पण मला बरीच वर्षं तुझं ऑफिस म्हटलं की ती म्हैसच आठवायची, कारण तू तिथं नक्की काय करतेस ते मला कळत नव्हतं. विचारलं की म्हणायचीस, "पोरांची मशीनं सांभाळते." मला वाटायचं, पुसून-बिसून ठेवत असशील. कधी कधी दारातनं आत येताच चप्पल काढायच्या आधी म्हणायचीस, "आज परत पानिपत झालं." मी पाणी द्यायचो, पुढं विचारायचो नाही.

मग तुझा पाय मोडला. प्लास्टर चढलं, आणि कंपनीनं लॅपटॉप घरी पाठवला. मी रिटायर झालेलो. भाजी निवडायला तुझ्यासमोर त्याच टेबलावर बसायचो. तेव्हा बघितलं.

पहिल्याच दिवशी तू फोनवर कुणाला तरी हिंदीत झापलंस, फोन ठेवलास नि मला म्हणालीस, "सकाळपासनं चार मशीनं वाढवली." मी खूश. खाली पार्कात जाऊन सांगितलं की बायकोनं घरी बसून कंपनीची चार मशीनं वाढवली. पार्कातले म्हणाले, वा, आता प्रमोशन. संध्याकाळी तुला हे सांगितलं तर तू हसून हसून प्लास्टर टेबलाच्या पायावर आपटलंस. "अहो, वाढवली म्हणजे मोडली. बांगडी वाढवतात तशी."

तुझ्या तोंडातनं मोडलं, फुटलं असले शब्द निघायचेच नाहीत. नारळ वाढवायचा, दुकान वाढवायचं, बांगडी वाढवायची. आणि जन्मभर पानात वाढायचं काम केलेला माझ्यासारखा माणूस, मला वाढवणं म्हणजे भर घालणं एवढंच ठाऊक.

मग तू मला ते मशीन समजावलंस. खरं मशीन एकच, टेबलावरचं. त्याच्या पोटात दुसरं मशीन, त्याला ना पत्रा ना वायर. नुसतं लिहिलेलं. अमुक असू दे, तमुक असू दे, असं लिहिलं की ते असतं. मी म्हटलं, म्हणजे खोटं. तू म्हणालीस, "खोटं कसलं? तुमच्या हाताला लागत नाही एवढंच." प्रोग्रॅम लिहिणाऱ्या प्रत्येक पोराला अगदी सारखं मशीन द्यायचं, म्हणजे काम बिघडल्यावर 'माझ्याकडं तर चालतंय' असं म्हणायला जागा नको. त्याला ऊठ म्हटलं की उठतं, थांब म्हटलं की थांबतं, मोड म्हटलं की नाहीसं होतं. मागं राखसुद्धा उरत नाही.

मी हातातली गवार खाली ठेवली नि म्हटलं, परत एकदा दाखव. तू दाखवलंस. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी पळत सुटल्या, आणि जे नव्हतं ते मशीन उठून उभं राहिलं, नि तू त्याला काय सांगशील ते करायला लागलं. सुमन, सदनात मी मोठमोठे लोक जेवताना बघितले, त्यांचं मला कधी काही वाटलं नाही. त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला. तुला बोललो नाही. "बरं आहे," म्हणालो नि गवार निवडायला लागलो. तर ते नुसतं बरं नव्हतं, हे आता ऐकून ठेव.

पानिपतही तेव्हाच कळलं. मशीनच्या पोटात पोरांनी कामाचं सामान भरलेलं असायचं, सगळी माहिती. घाईत पोरं 'मोड' म्हणायची नि सामान बाहेर काढायला विसरायची. मशीन नाहीसं, सामानही नाहीसं. असं झालं की तू म्हणायचीस, पानिपत झालं. एकदा हे ऑफिसात तुझ्या तोंडून निघालं, आणि तुझ्या टीममधला हरप्रीत खुद्द पानिपतचा, वडिलांचं चादरींचं दुकान. तो म्हणाला, "सुमन मॅम, हमारे शहर ने आपका क्या बिगाड़ा है?" तू जेवणाच्या सुट्टीत त्याला अख्खी लढाई समजावलीस. दिवाळीला तो चादर घेऊन घरी आला. म्हणाला, "आंटी, पानिपत की तरफ़ से माफ़ी।" ती चादर अजून आपल्या पलंगावर आहे. धुतली की रंग सोडते, पण फाटत नाही.

त्या विसरण्यावर तू जे केलंस, ते मला भाजी निवडता निवडता समजलं, आणि त्याचं नवल मला आजही संपत नाही. प्रत्येक हुकमाला तू एक 'आधी' जोडलंस आणि एक 'नंतर'. कुणी 'मोड' म्हटलं, तर आधी सामान आपोआप बाहेर काढून सुखरूप ठेवलं जाणार, मगच मशीन नाहीसं होणार. कुणी 'ऊठ' म्हटलं, तर उठल्यानंतर ते सामान आपोआप परत जागच्या जागी लागणार. पोरांनी काही लक्षात ठेवायचं नाही. त्याला ट्रिगर म्हणतात म्हणालीस, बंदुकीचा चाप. मी म्हटलं, इतक्या काळजीच्या कामाला असलं नाव कुणी दिलं?

"पण मशीनला कसं कळतं, आता मोडणार म्हणून?"

"मशीनला कुठं कळतंय. हुकूम निघाला ना, की त्याच्या वाटेवर मी बसलेली. मला विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही."

"आणि सामान निघालंच नाही तर?"

"तर हुकूम तिथंच अडवायचा. आधीचं झालं नाही, तर पुढचं नाही."

"सगळ्यांनाच अडवतेस?"

"नाही हो. काही कामं अशी असतात, झाली तर झाली, नाहीतर जाऊ दे पुढं. कुठलं अडवायचं नि कुठलं सोडायचं, डोकं तेवढ्यालाच लागतं."

मी म्हटलं, "यात काय मोठं? आम्ही पुरी सोडायच्या आधी तेलात कणकेचा तुकडा सोडतो. वर आला तर पुरी, नाहीतर थांबायचं."

"बिल्कुल. पण तुम्ही रजेवर गेलात की तुकडा कोण सोडतं?"

मी रजेवर असलो की सदनातल्या पुऱ्या तेल प्यायच्या, हे तुला पक्कं माहीत होतं.

"माझं मी नसले तरी होतं," म्हणालीस नि लॅपटॉप मिटलास.

आणि मोडायच्या अगदी आधी, सामान बाहेर निघाल्यावर, पडद्यावर एक ओळ यायची. ती तू घातलेली. अक्षरं इंग्रजी, शब्द मराठी: येते. मी विचारलं, हे काय? म्हणालीस, "पोटच्या पोरीला 'जाते' म्हणू दिलं नाही, मशीनला बरी म्हणू देईन." ऑफिसात कुणाला याचा पत्ता नाही. हरप्रीतनं ते वाचलं 'येती', हिमालयातला तो पांढरा केसाळ प्राणी, जो कुणाला दिसत नाही, बर्फात पाऊल तेवढं ठेवून जातो. सगळ्यांना वाटलं, मॅमनी मस्करी केलीय. भिंतीवर येतीचं चित्र लागलं. मशीन मोडायची वेळ आली की पोरं म्हणायची, "चलो, येती को बुलाओ." मी म्हटलं, अगं, त्यांना खरं सांग की. तू म्हणालीस, "असू दे. पाऊल ठेवून जातो ना तो? मग चालेल."

आपलं भांडण मात्र मिटलं नाही. मोडलेलं मशीन परत उठवलं, तर ते तेच की दुसरं? तू म्हणायचीस, तेच. नाव तेच, सामान तेच, वागणं तेच. मी म्हणायचो, दुसरं. दोन भाकरींचं पीठ एकाच डब्यातलं, म्हणून काय भाकरी एक झाली?

"खाणाऱ्याला विचारा," तू म्हणायचीस.

"भाकरीला विचार," मी म्हणायचो.

आमटी निवून जायची. मीनल फोनवर असली तर म्हणायची, "यार पप्पा, तुम्ही दोघं अजून त्या मशीनवर अडलात?" तुझं प्लास्टर निघालं, तू ऑफिसला जायला लागलीस, पुढं रिटायर झालीस, तरी कधी फ्रिज बंद करून चालू केला की तू मुद्दाम विचारायचीस, "काय हो, हा तोच की दुसरा?" आता समोर कोण नाही म्हणून मी जिंकलो असं होत नाही. या एका भांडणात मला हरायचं आहे.

घरातही तू अशीच वाटेवर बसलेली असायचीस. बाहेर निघालो की दारात थांबून विचारणार.

"गॅस?"

"बंद."

"नळ?"

"बंद."

"किल्ली?"

"हातात."

तिन्ही उत्तरं मिळाली की रिकाम्या घराकडं तोंड करून म्हणायचीस, "येते." मग दार. नळाला कारण होतं. पाणी नसताना उघडा राहिलेला नळ, मग टँकर आला नि खालच्यांच्या दिवाणावर धो धो पाऊस. पण 'येते'ला काय कारण? मी चिडवायचो, "कुणाला सांगतेस? घरात कोण आहे?" तू म्हणायचीस, "घर आहे की." एकदा मी मस्करीत गॅसचं उत्तर दिलंच नाही. लिफ्ट आली नि गेली. खाली रिक्षावाला हॉर्न मारतोय. तू दारातनं हलली नाहीस. मला शेवटी 'बंद' म्हणावं लागलं, तेव्हा 'येते' निघालं. उत्तर नाही तर 'येते' नाही, हा तुझा कायदा.

छातीत दुखतंय म्हणालीस त्या सकाळी मात्र आपण तसेच निघालो. शेजारी नि मी तुला दोन बाजूंनी धरलेलं. दारात कुणी कुणाला काही विचारलं नाही. हॉस्पिटलात ऑपरेशनचं ठरलं, तुझं स्ट्रेचर आतल्या दाराशी आलं. मी तुझ्या तोंडाकडं बघत होतो. मला वाटलं, आता म्हणशील. तू डोळे उघडलेस नि म्हणालीस, "गॅस?"

मला आठवेना. चहा टाकलेला होता एवढं आठवत होतं. बंद केला की नाही, ते डोक्यातनं पार पुसलेलं. तुझ्याशी खोटं बोलायची मला सवय नाही. म्हटलं, "आठवत नाही गं."

"बघून या."

"हे आधी होऊ दे."

"आधी गॅस," तू म्हणालीस. आवाज बारीक होता, पण रुबाब तोच.

वॉर्डबॉय म्हणाला, "अंकल, साइड दीजिए." आणि दार मिटलं.

लोक विचारतात, अशा वेळी घरी कशाला गेलात? तू पाठवलंस म्हणून गेलो. रिक्षा केली, कुलूप काढलं, बघितलं, तसाच परत आलो. मला तुला सांगायचं होतं. डॉक्टर कॉरिडॉरमध्ये उभे राहून मीनलशी फोनवर बोलत होते. माझ्याकडं बघून त्यांनी फोन खाली घेतला.

तेराव्याला हरप्रीत आला होता. दाढी पांढरी झालीय त्याची. पुरी खाल्ली, तुझ्या फोटोसमोर बराच वेळ बसला, मग उठून म्हणाला, "अच्छा अंकल, चलता हूँ." आणि आपली मीनल, जी जिन्यातनं परत यायला रडायची, ती दारात आडवी उभी राहिली. "भैया, हमारे यहाँ ऐसे नहीं बोलते. मम्मी हमेशा 'येते' बोलके निकलती थी. मतलब, वापस आती हूँ."

हरप्रीत एक बूट घालून तसाच थांबला. "क्या बोलती थीं?"

"येते."

तो चपलांच्या स्टँडवर खाली बसला. मला वाटलं चक्कर आली. म्हणाला, "अंकल, हम तो इतने साल भालू समझते रहे।" मग मला सांगितलं, सुमन. तू रिटायर झाल्यावर तिथलं सगळं बदललं. इमारत बदलली, माणसं बदलली, भिंतीवरचं चित्र गेलं. पण ती ओळ कुणी काढली नाही. अजून येते. कुणाला अर्थ माहीत नाही, पण काढायचा धीरही होत नाही. निघताना तो म्हणाला, "येते, अंकल." मीनलनं त्याला दुरुस्त केलं, "आप 'येतो' बोलिए." मग तो पगडी सारखी करत 'येतो' म्हणाला नि गेला. डोळे दोघांचे भरलेले, नि मला हसू येत होतं.

तेव्हापासनं मी याच नवलात आहे. जिथं मोहरी होती नि म्हैस काचेत बघत होती, तिथं आज कुणी एक पोर, ज्यानं तुला कधी बघितलं नाही, 'मोड' म्हणतं. आणि तू वाटेवर बसलेली असतेस. आधी सामान सुखरूप बाहेर. मग मराठीत निरोप. मग नाहीसं होणं. आणि कुणी 'ऊठ' म्हटलं की सगळं जागच्या जागी. मी देवाबिवाचं फार करत नाही, तुला माहीत आहे. पण हे ऐकल्यावर मी हात जोडले. कुणाला जोडले विचारू नकोस.

इथंही तसंच चाललंय. दूध आणायला निघालो की दारात माझ्या तोंडातनं आपोआप निघतं, बंद, बंद, हातात. विचारलेलं कुणी नसतं. शेजारी बघतात, म्हातारा बडबडतो म्हणत असतील.

उद्या मीनल मला पुण्याला नेतेय, थोडे दिवस. सामान बांधून झालंय, पानिपतची चादरही घेतलीय. दारात मी 'येतो' म्हणणार आहे, त्याची काळजी करू नकोस. पण तुझं राहिलंय. मी बरेच दिवस रागावून बसलो होतो, की एवढ्या माणसांना, मशीनलासुद्धा 'येते' शिकवलंस आणि माझ्याजवळ न म्हणता निघालीस. आता राग नाही. तू न म्हणता निघाली नव्हतीस. तू अडून बसली होतीस. उत्तराची वाट बघत होतीस, नि उत्तर घेऊन मी पोचलो तोवर दार मिटलेलं. अंकाचं निमित्त, मला एवढंच पोचवायचं होतं.

तर ऐक. गॅस बंद होता, सुमन. वरचं बटणही, नि खाली सिलिंडरचा खटकाही. खटका मी कधी बंद करत नाही, म्हणजे तूच केला असणार, छाती धरून, मला न सांगता. नि तरी विचारलंस, उत्तर माझ्या तोंडून हवं होतं म्हणून. नळ बंद होता. किल्ली माझ्या हातात आहे.

तिन्ही झाली. आता म्हण.